चाळणीतला केस

वडिलांची तेरवी आटोपली आणि त्याच आठवड्यात मी विद्यापीठाच्या वन्यजीव प्रयोगशाळेत रुजू झालो. निवड ते असतानाच झाली होती. मुलगा वाघावर संशोधन करणार, हे दिग्रसच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये ते कामाला होते तिथे त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. वाघाची वाळलेली विष्ठा जंगलातून गोळा करायची, चाळणीत धुवायची आणि उरलेल्या केसांवरून त्याने काय खाल्लं ते ओळखायचं, असं हे संशोधन असतं. ते त्यांना सांगायचं राहून गेलं. आईला सांगितलं.

"इतकं शिकून वाघाचा गू धुवाले जाऊन राह्यला का तू?"

"काम आहे ते, आई."

"कामं काय दिग्रसले नाहीत? शिकवणी घे. मी एकटी हावो घरात, ते दिसत नाही तुले?"

दिसत होतं. तरी मी निघालो. बसस्टँडवर तिने अट घातली. तिथल्या वाघाने माणूस खाल्ल्याचं कळलं की त्याच दिवशी परत यायचं, आणि पुन्हा जायचं नाही. मी कबूल केलं. तिला समजावून सांगणं वडिलांना जमायचं. मला कबूल करणंच जमतं.

वणीच्या रस्त्यावरच्या एका गावात प्रयोगशाळेने घर भाड्याने घेतलं होतं. कोळशाचे ट्रक जाऊ लागले की सूक्ष्मदर्शकाशेजारची खिडकी लावून घ्यावी लागे. आम्ही चौघे होतो. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम, पीएचडी संपवत आलेली एक ताई, जीप चालवणारे आणि स्वयंपाकही करणारे काका, आणि मी. माझ्या मुंडण केलेल्या डोक्याकडे पाहून कुणी काही विचारलं नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या, "जेवलास का?"

जेवण जात नव्हतं, पण काम आवडलं. घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ होती, प्रत्येकाला तेच सगळं पहिल्यापासून सांगावं लागे. इथे चिमट्याने एकेक केस वेगळा करायचा, त्याचा तुकडा काचपट्टीवर ठेवायचा आणि पाहायचं. चितळाचा केस आतून जाळीदार दिसतो. रानडुकराचा राठ असतो, टोकाला फाटलेला. ते ओळखता येऊ लागले तसं मन जागेवर राहू लागलं.

प्रयोगशाळेचा एक नियम होता. प्रत्येक काचपट्टी दोघांनी पाहायची, आणि दुसऱ्याचं पाहून होईपर्यंत पहिल्याने तोंड उघडायचं नाही.

एका सकाळी माझ्या काचेवर चितळाचा नव्हता आणि डुकराचाही नव्हता असा एक तुकडा आला. बारीक, मधली रेघ तुटक. मी भिंग बदललं, पुन्हा पाहिलं. मग उठून जागा ताईला दिली. ती पाहत होती तेवढा वेळ मला आईच दिसत होती, ओसरीवर सुपात तूर पाखडत बसलेली.

ताईने डोकं वर केलं. "माणूस?"

"माणूस," मी म्हणालो.

ज्या वाघिणीची विष्ठा आम्ही धूत होतो, तिची आसपासच्या गावांत दहशत होतीच. ही गोष्ट वन विभागापर्यंत गेली की तिला पकडायला माणसं येणार. आणि मला घरी जावं लागणार. वाघिणीच्या आधी मला दिग्रसच आठवलं, हे खरं आहे.

मॅडमनी स्वतः पाहिलं. मग म्हणाल्या, "कळवायचं ते कळवूच. पण आधी आपली झडती. चला, प्रत्येकाने आपला एकेक केस उपटा."

पांढऱ्या कागदावर ताईने आपला लांब काळा केस ठेवला. काकांनी कानशिलावरचा आखूड केस दिला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी त सुटले बाप्पा! तुमचं पीकच कापून झालं."

ताईने त्यांच्याकडे रागाने पाहिलं. काकांचा चेहरा उतरला. आणि मला हसू आलं. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच. थांबवताही येईना. मग काकाही हसले, चोरट्यासारखे.

मॅडमनी आपला केस ठेवला. काचपट्टीसाठी तुकडा कापून घेतल्यावर उरलेला तो केस बशीतच होता. तो ताईने चिमट्याने उचलून शेजारी लावला. दोन्ही केस मुळाशी पांढरे आणि पुढे मेंदीने तांबूस. वाघाच्या पोटातून आलेल्या केसाचं मूळ इतकं शाबूत राहत नाही. आदल्या दिवशी हाच नमुना धुताना चाळणीवर वाकून गुंतलेले केस कसे सुटे करायचे ते मॅडमनीच मला दाखवलं होतं.

"माझाच आहे," त्या म्हणाल्या. "लिहा तसं. नावासकट."

तरी त्यांनी त्या नमुन्याच्या सगळ्या काचपट्ट्या आम्हा दोघांकडून नव्याने तपासून घेतल्या. सगळं चितळच निघालं. ताईने शेवटची काच खाली ठेवली तेव्हा कुठे मी जागेवरून उठलो.

दुपारी अंगणात जाऊन आईला फोन लावला. न सांगताही भागलं असतं, पण सगळं सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तुया त्या मॅडमले वाघानं नाही खाल्लं?"

"नाही. मेंदी लावतात त्या."

"मंग डोक्याले रुमाल बांध म्हणा तिले. इतकी शिकली अन् एवढं कळत नाही?" तिच्या आवाजात हसू होतं. "अन् मले सांगून कायले राह्यला तू हे? काही झालंच नाही ना?"

"अट होती ना."

"हो," ती म्हणाली. "बाबाच्या महिन्याले येजो. मंग जाजो वापस. तिकडं जेवून राह्यला ना नीट?"

हो म्हणालो. ते खोटं ठरू नये म्हणून आत गेलो. काकांनी वरण गरम केलं, आणि मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.