गाव सांग की!

तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास आला की बायको आठवती. आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच. गुलबर्ग्यातल्या आमच्या नव्या वस्तीत कोणी राहायला आलं की ती वाटीभर शेंगा घेऊन जायची अन् आधी गाव विचारायची. त्या सांजेला शेजारी नवी पोरगी आली.

"कुठली गं तू?"

"बिदरकडली, अक्का."

"बिदर लई मोठं हाय. गाव सांग की!"

"निर्णा."

"मंग लाजायलीस कामून? आमी बी तिकडलेच, कमठाण्याचे!"

त्याच रात्री बायको झोपेतच गेली. सकाळी मी तिला कमठाण्यालाच नेलं. मागं आख्खी वस्ती आली. वेशीवर लोकांनी विचारलं, "एवढी माणसं कुठली, अण्णा?"

मी एकेकाचं गाव मोठ्यानं सांगितलं.