जरीची साडी सरकारी, ठिगळाची खाजगी

सुगरताबाई पहिल्यांदा माझ्या दुकानात आली ती न फाटलेली साडी घेऊन. देवरीला बस स्टँडच्या मागे माझं शिवणकामाचं दुकान आहे. तिने साडी काउंटरवर पसरली आणि म्हणाली, "याले ठिगळ लावून दे."

मी साडी उलटीपालटी करून पाहिली. "फाटली कुठंय?"

"फाटली नाही. म्हनूनच तं तुह्याकडे आनली. फाटली असती तं मीच नसती लावली का?"

"मग ठिगळ लावू कुठं?"

"पदराले. डागदरनं मान वर केली का आधी ठिगळ दिसला पायजे, मंग मी."

गिऱ्हाइकाशी वाद घालणं माझ्या स्वभावात नाही. मी ठिगळ लावून दिलं. दुसऱ्या दिवशी ती साडी परत घेऊन आली. "हे तं फॅशन दिसून राहिली, बाई. जरा वाईट शिव." इतक्या वर्षांच्या धंद्यात वाईट शिवायची ऑर्डर मला तेवढी एकच मिळाली, आणि खरं सांगते, ते काम सोपं नाही.

सुगरताबाई देवरीजवळच्या एका खेड्यातली. उंच, हडकुळी, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचेल असा. नवरा शिवराम, धानाची दोन एकर शेती, मूलबाळ नाही. दवाखान्यांबद्दल तिचं एक पक्कं शास्त्र होतं. खाजगी दवाखान्यात फाटकं नेसून जायचं, नाहीतर डॉक्टर सगळ्या मशिनींतून काढतात. सरकारीत जरीचं नेसून जायचं, नाहीतर उद्या या म्हणतात. लोक उलट करतात, आणि म्हणून फसतात, असं तिचं म्हणणं.

"खाजगीवाला आपला खिसा पायते, सरकारीवाला आपली वळख पायते," ती म्हणायची. "मानूस कोनीच पाहून नाही राहिला. मंग आपन कायले दाखवा?"

तेव्हा तिच्याकडे दोन पोशाख होते. ठिगळाची साडी खाजगी. सरकारी म्हणजे जांभळी जरीची साडी, गळ्यात पितळेची पण सोन्यासारखी झळकणारी पोत आणि शिवरामसाठी कोणाच्या तरी लग्नातला काळा कोट. कोटाच्या खिशाला पेन. शिवरामला सही करता येत होती, पण पेन सहीसाठी नव्हतं. त्याला एकच सूचना असे, गप्प बसायची. "तू बोलू नोको. तू बोलला का आपली दोन एकर दिसते."

शिवराम गप्प बसे. मला वाटतं त्याला ते आवडतही असावं.

हळूहळू तिच्या गल्लीतल्या बायका ती जरीची साडी मागून नेऊ लागल्या. सुगरताबाई कोणाला नाही म्हणत नसे. फक्त धुऊन परत करायची, एवढी अट. मग सरकारी दवाखान्यात त्या साडीची ये-जा सुरू झाली. शेवटी तिथल्या मोठ्या सिस्टरने एका बाईला दारातच अडवलं. "थांबा. परवा या साडीला ताप होता. काल हिचे दात दुखत होते. आज काय झालंय?"

"आज गुडघे," ती बाई म्हणाली.

सिस्टर हसली आणि तिने बाईला खुर्ची दिली. सुगरताबाईला हे कळलं तेव्हा ती माझ्या दुकानात येऊन जोरात म्हणाली, "पाय! खुर्ची भेटली का नाही?"

मग एका सकाळी शिवरामच्या छातीत कळ आली. धान कापणीला आलं होतं, तो बांधावरच बसला. सुगरताबाईने त्याला घरी आणलं, आधी कोट घातला, स्वतः जरीची साडी नेसली आणि मग जीप बोलावली. हा क्रम तिने मला स्वतःच सांगितला, आणि त्यात काही चूक आहे असं तिला शेवटपर्यंत वाटलं नाही.

देवरीच्या सरकारी दवाखान्यात शास्त्र भलतंच लागू पडलं. तरुण डॉक्टरने कोट पाहिला, पोत पाहिली, मशीनवर छातीचा कागद काढला आणि अदबीने म्हणाला, "काकू, हार्टचं आहे. इथं वेळ घालवू नका. गोंदियाला चांगल्या खाजगी हॉस्पिटलात न्या, तुम्हाला काय कमी आहे!"

जीप माझ्या दुकानासमोर थांबली. ठिगळाचे टाके उसवले होते म्हणून ती साडी माझ्याकडे दुरुस्तीला होती. "खाजगीत जाऊन राहिलो, बाई. तो लुगडा दे, लौकर!" शिवरामचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी साडी पिशवीत कोंबली, दुकानाचं शटर ओढलं आणि जीपमध्ये बसले. नवऱ्याचं डोकं मांडीवर असताना जीपमध्ये साडी बदलता येत नाही. त्यामुळे गोंदियाच्या त्या हॉस्पिटलात आम्ही पोचलो ते जरीतच.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आत तार घालून रक्ताची वाट मोकळी करावी लागेल, आणि आत्ताच. गरिबांच्या योजनेत ते फुकट होत होतं. सुगरताबाईने कमरेच्या पिशवीतून रेशनकार्ड काढून काउंटरवर ठेवलं. काउंटरवरच्या मुलीने कार्ड पाहिलं, मग साडीची जर, मग पोत, मग स्ट्रेचरवरचा कोट.

"ये कार्ड आपका है?"

"माहाच हाय. कोनाचा रायते?"

"मॅडम, योजना गरिबांसाठी असते. असे कार्ड घेऊन रोज लोक येतात. डिपॉझिट भरा, नहीं तो मैं साहब से पूछती हूँ. साहब जेवायला गेलेत."

सुगरताबाईने पोत काढून काउंटरवर आपटली. "चाव! चावून पाय! पितळ हाय!" मुलीने चावली नाही. तेव्हा सुगरताबाईने माझ्या हातातली पिशवी ओढली आणि ती बाथरूममध्ये शिरली. बाहेर आली ती ठिगळात, केस विस्कटून, पोक काढून. माझं काम चोख होतं. इतकं की त्या मुलीने तिला ओळखलंच नाही.

"बाई, बाजूला थांबा. आधी त्या जरीवाल्या मॅडमचं होऊ द्या."

"मीच तं होय ते मॅडम!"

"वॉचमन!" मुलीने हाक मारली.

मी पुढे होऊन समजवायला लागले, पण मी कोण हे तरी तिला कुठे ठाऊक होतं? इतक्यात स्ट्रेचरवरून आवाज आला. त्या कोटाला आवाज असतो हे मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

"वो माय," शिवराम म्हणाला, "तिले बाहेर नोको काढू. कोट माहा नोहोय. मी धानाचा मानूस. दोन एकर हाय, तेही तलावाच्या पाटाच्या पार शेवटाले."

मुलीने वॉचमनला हातानेच थांबवलं. "शेवटाले? मग पाणी पोचते का?"

"पोचते ना. सगळ्याइचा झाल्यावर."

मुलगी म्हणाली, "माझ्या बाबाचं शेतबी शेवटालेच आहे." आणि तिने कार्ड उचललं. शिवरामला आत नेलं. जाताना सुगरताबाई त्याच्यावर ओरडली, "तुले बोलू नोको म्हटलं होतं ना!" मग ती भिंतीशी बसली आणि ठिगळाच्या पदराने तोंड झाकून रडली.

शिवराम बरा झाला. सुगरताबाईचं शास्त्र मात्र तसंच राहिलं. "कपडे बराबर होते," ती म्हणायची, "दवाखाना बदलला."

गेल्या पावसाळ्यात तीच तापाने पडली. मी पाहायला गेले तर अंथरुणावर थरथरत होती. म्हटलं, चल. म्हणाली, "साडी येऊ दे. शेजारची सून नेसून गेली, तिची बाळंतपनाची वेळ हाय."

"अंगावर आहे त्यातच चल."

"घरच्या कपड्यात कोनी दवाखान्यात जाते का?"

दुसऱ्या दिवशीही तिचं हेच चाललं होतं. तिसऱ्या दिवशी मी आणि शिवरामने तिला उचलून जीपमध्ये घातलं. दवाखान्यात कोणी काही विचारलं नाही. लगेच खाट दिली, सलाईन लावलं, रक्त घेतलं. मोठी सिस्टर वाकून म्हणाली, "सुगरताबाई, तुमची ती साडी कुठंय आज?"

"वरच्या माळ्यावर," सुगरताबाई पुटपुटली. "बाळंतीन झाली."

सिस्टरला हसू आवरेना. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणायला हवं होतं. सकाळी ती गेली.

शेजारच्या सुनेने साडी धुऊन, घडी करून पाठवली. मी ठिगळाची साडी शोधून काढली, कारण तिचं सामान कुठे असतं ते मलाच ठाऊक होतं. अंगणात बायकांचा वाद सुरू झाला. सवाष्ण गेली, जरीचीच नेसवा, असं सगळ्यांचं मत. शिवराम ओट्यावर गप्प बसला होता. सवयच होती त्याला. मी जाऊन विचारलं, "भाऊ, कोणती नेसवायची?"

त्याने दोन्ही साड्या हातात घेतल्या.

"जरीची नेसवा," तो म्हणाला, "अन् ठिगळाची संगं बांधून द्या. वरचा सरकारी हाय का खाजगी, कोनाले मालूम."