या, जेवाले

धुळ्याहून चाळीसगावला निघालेल्या एसटीत शेजारच्या बाईंनी डबा उघडला आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आधी मला म्हणाल्या, "या भाऊ, जेवाले." भाकरी मोडणाऱ्या त्यांच्या तळहातांवर जाड घट्टे होते.

"शेतीचे का?" मी विचारलं.

"नही, वल्ह्यांचे." छोट्या नावेतून त्या एकट्याच महासागर पार करून आल्या होत्या, आणि सांगत होत्या गिरणा नदीपलीकडच्या माहेरी जाऊन आल्यासारखं. त्यांनी पुढे केलेली चतकोर भाकरी मी घेतली.

"तिथे जेवायला कुणाला बोलवायचात?"

"पानीले. रोज." एकदा मात्र नावेहून मोठा देवमासा आला आणि त्यांचं खाणं होईपर्यंत शेजारी थांबला, म्हणाल्या.

"घाबरला नाहीत?"

त्यांनी माझ्या भाकरीवर ठेचा वाढला. "घाबरू कशी, भाऊ? मीच बलावेल व्हतं ना त्याले."