माझ्या कच्च्या आहाराचे खरे कारण

माझ्याविषयी धुळ्यात आणि इथे पिंप्राळ्यात जे सांगितले जाते, त्यातील बहुतेक भाग चुकीचा आहे. पत्नीच्या दुःखात मी अन्न सोडले, हे खरे नाही. मी विरक्त झालो, हेही खरे नाही. विरक्त माणूस पपईच्या भावावरून घासाघीस करीत नाही. आणि ती अजून माझ्या घरात अडकून आहे, असे जे माझ्या मेव्हणीने सगळ्या गोतावळ्यात पसरवले, त्याचा समाचार मी पुढे घेणारच आहे. आधी एवढेच स्पष्ट करतो की मी फळे खाऊ लागलो ते वजन कमी करण्यासाठी. माझे गुडघे झिजले होते, आणि त्यांना सोसवेल यापेक्षा माझे वजन कितीतरी जास्त होते.

डॉक्टरांचे शब्द मला नीट आठवतात, कारण ते बोलले तेव्हा ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. "नाना, गुडघे बदलायचं नंतर बघू. आधी वजन उतरवा," ते म्हणाले. तिने लगेच तोंड घातले. "यांना सांगून काही उपयोग नाही, डॉक्टर. भरितावर तेलाचा तवंग दिसला नाही तर ताट सरकवतात." मी ताट कधीही सरकवलेले नाही. तेल कमी असल्यास ते मी निदर्शनास आणून देत असे, एवढेच. हा वाद रिक्षात घरापर्यंत चालला, आणि तो मिटायच्या आत, हिवाळा संपता संपता, ती गेली. गच्चीवर कपडे वाळत घालताना जरा टेकली, ती उठली नाही. वाद माझ्याकडे राहिला.

कच्च्या आहाराची माहिती मला मेहरूण तलावावर फिरायला येणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याकडून मिळाली. आम्ही दोघेही भूमी अभिलेख खात्यात जमिनीची मोजणी करीत असू. विस्तवावर चढलेले काहीही खायचे नाही, हा त्याचा नियम. सकाळी पपई किंवा पेरू, दुपारी काकडी, गाजर, भिजवलेले शेंगदाणे आणि मोड आलेले मूग, संध्याकाळी पुन्हा फळे. वाचायला हे फार सात्त्विक वाटते. प्रत्यक्षात पहिले काही आठवडे माणूस मिठासाठी वखवखतो, शेजारच्या घरातल्या वाटणाच्या कल्पनेनेही त्याचे जबडे दुखतात, आणि खरबूज कितीही गोड असले तरी दुपारी तीन वाजता त्याच्याकडे पाहून संताप येतो. मी हे सगळे निभावले. त्याचे श्रेय मला कोणी दिले नाही, कारण लोकांना माझी जिद्द नको होती, माझे दुःख हवे होते.

ज्याच्या गाडीवरून मी फळे घेत असे, तो मुसलमान फळवाला तेवढा अपवाद. त्याला माझ्या दुःखात रस नव्हता, माझ्या हिशेबात होता.

"नाना, वजन उतरवायला केळी? उद्या म्हणाल, कोरडं राहायला नदीत उतरतो."

"तू फळे विकतोस की सल्ला?"

"सल्ला फुकट आहे, नाना. केळी घ्या." मग फणी कागदात गुंडाळता गुंडाळता तो हळूच म्हणाला, "भाभी असत्या तर ही डागाची तीन परत करायला लावली असती."

मी ती तीन परत केली. ती डागाची नव्हती.

आता चुलीविषयी. आमच्याकडे मृत्यू झालेल्या घरात चूल पेटत नाही. भाऊबंद पिठले-भाकरी घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. सुतक संपले की माहेरची किंवा घरची बाई चूल पेटवते, त्यावर काहीतरी गोड चढवते, आणि घर पुन्हा घर होते. चूल म्हणजे आता गॅसची शेगडी. पण रीत तीच. आमच्या बाबतीत घडले असे की पलीकडच्या गल्लीत माझ्या चुलतभावाचे घर, त्यामुळे सगळ्यांचा स्वयंपाक तिथेच होत राहिला. चहा शेजारून थर्मासमध्ये येई. तेराव्याला आचाऱ्याने कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर भट्टी लावली. धुळ्याची माझी सून समजली, शेगडी मेव्हणीने पेटवली असेल. मेव्हणी समजली, सुनेने पेटवली असेल. पाहुणे पांगले, दोघी धुळ्याकडे गेल्या आणि माझी शेगडी तशीच राहिली. ही चूक माझी नव्हे. दुसऱ्याच आठवड्यात मी फळांवर आलो आणि मला शेगडीची गरजच उरली नाही, हा योगायोग आहे. लोक त्या योगायोगाला कारण म्हणतात.

वास प्रथम आला तेव्हा ऊन तापू लागले होते. मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभा राहून टरबूज कापत होतो, आणि मला लसूण करपल्याचा वास आला. माझी पत्नी लसूण नेहमीच करपवीत असे. तिच्या मते तो करपलेला नसे, खरपूस असे. या एका शब्दावर आमचा संसारभर मतभेद होता. मी सुरी खाली ठेवली. नोकरीत मी लोकांच्या सांगण्यावर कधी हद्द ठरवली नाही, त्यामुळे इथेही आधी पाहणी केली. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद होता. एका बाजूचे शेजारी जैन, त्यांच्या घरात लसूण येत नाही. दुसऱ्या बाजूचे घर कुलूपबंद, माणसे पुण्याला. मागे बोळ, त्यात कोणी नाही. मी परत आत आलो तेव्हा वास होताच, किंचित जास्त, जणू कढईतले तेल कोणी विसरले होते.

तो रोज येत नसे. आला की सकाळी, तिच्या फोडणीच्या वेळी. मी काही बोलत नसे. फक्त एकदा, सवयीने, "करपला बघ," असे तोंडातून निघून गेले आणि नंतर बराच वेळ मी उत्तराची वाट पाहत उभा होतो, हे मला पायाला मुंग्या आल्यावर कळले.

पुढे एकदा मला ताप आला. शेजारणीने गरम खिचडी आणून ओट्यावर ठेवली. मी ती खाल्लीसुद्धा नाही. तरी त्या दिवशी वास आला नाही, दुसऱ्याही दिवशी नाही, आणि त्यानंतर कितीतरी दिवस नाही. मी त्या काळात जसा सैरभैर झालो, तसा तेराव्यापर्यंतही झालो नव्हतो. यावरून कोणी निष्कर्ष काढू नये. मीही काढला नाही. पण त्यानंतर शिजलेले अन्न मी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही.

मे महिन्यात मुलगा धुळ्याहून मोटारीने आला, तो मेव्हणीला घेऊनच. ही माझ्या पत्नीची थोरली बहीण. धुळ्याजवळच्या खेड्यात राहते, तिथलीच बोली बोलते, 'आहे'ला 'शे' म्हणते. सगळे तिला अक्का म्हणतात, मीही. पिशवीत ज्वारीचे पीठ, वांगी, लसणाचा गड्डा. दारातच तिने मला आपादमस्तक पाहिले.

"भाऊ, माणूस शे का वटवाघूळ? बठ्ठं घर फळंसनी भरी टाकं."

"अक्का, हा आहार आहे."

"आहार नही, सुतक शे. तुम्हनी चूलच पेटनी नही. मनी बहीन तठेच उभी शे, चुलीपान. ती कशी जाई?"

मुलगा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "नाना, एकदा पेटवू द्या त्यांना. भाकरी खा, आमचा जीव शांत होऊ द्या. नाहीतर हे घर बंद करून आमच्याकडे देवपूरला चला. असं एकट्यानं किती दिवस?"

याचा अर्थ सरळ होता. शेगडी पेटली तर वास जाणार, आणि धुळ्याला गेलो तरी जाणार. मी पुष्कळ युक्तिवाद केले. गुडघे, वजन, डॉक्टर, सगळे पुढे केले. अक्काने ऐकून घेतले नाही. ती सरळ स्वयंपाकघरात गेली, रेग्युलेटर फिरवला, लाइटर उचलला. मी दारात उभा होतो. तिला अडवायला मला एक पाऊल टाकावे लागले असते, आणि ते मी टाकले नाही, कारण अक्का तिची बहीण होती.

लाइटर हातात धरून अक्का थांबली. तिने नाक आक्रसले. मग ओट्याच्या दिशेने, धाकट्या बहिणीवर खेकसावे तशी, सहज म्हणाली, "लसुन करपी ऱ्हायना शे. गॅस बारीक कर वं."

गॅस पेटलेलाच नव्हता. तिच्याही ते लक्षात आले. तिने हातातल्या लाइटरकडे पाहिले, तो जपून खाली ठेवला, रेग्युलेटर बंद केला आणि बाहेरच्या खोलीत येऊन भिंतीशी बसली. मग म्हणाली, "एक केळ द्या, भाऊ." मी दिले. तिने ते खाल्ले. वांगी पिशवीतून बाहेर निघालीच नाहीत.

मुलाचे म्हणणे, अक्काचे ब्लडप्रेशर वाढले होते. तसे नव्हते. आणि अक्काचे म्हणणे तर याहून विचित्र. मी आठवड्याने फोन करून विचारले, तर म्हणाली, "मी अशी काही बोलनीच नही. तुम्हना कान गया, भाऊ." माझे कान शाबूत आहेत. माझ्याकडे एकच साक्षीदार होती, आणि ती उलटली.

त्यानंतर माझी बाजू आणखी लंगडी झाली, ती माझ्याच यशाने. पावसाळ्यात डॉक्टरांनी मला काट्यावर उभे केले आणि ते हसले. "बास, नाना. आता भाकरी सुरू करा. यापुढे वजन नाही, माणूस कमी होईल."

"अजून थोडे उतरवले तर?"

"कशासाठी?"

मी काट्यावरून उतरून चपला घातल्या. डॉक्टरांनी मुलाला फोन केला असणार, कारण रविवारी तो हजर झाला, यावेळी एकटा. हातात पपई होती. भाकरीचे नाव काढले नाही. म्हणाला, "नाना, मी आज तुमच्याबरोबर आत बसतो. मलाही बघू दे."

म्हणजे अक्का धुळ्यात कोणापाशी तरी वासाविषयी बोलली होती. आम्ही स्वयंपाकघरात दोन स्टुले घेऊन बसलो. पपई कापली, खाल्ली. तिच्या फोडणीची वेळ झाली आणि टळून गेली. काही आले नाही. मुलगा पुन्हा पुन्हा श्वास ओढून घेत होता, सर्दी झालेल्या माणसासारखा. शेवटी तो म्हणाला, "आला, नाना. लसणाचा. आईचाच."

नोकरीत मी एक गोष्ट शिकलो. ज्याला हद्दीचा दगड खरोखर आठवतो, तो जमिनीकडे पाहून बोलतो. जो रचून सांगतो, तो मोजणीदाराच्या चेहऱ्याकडे पाहतो. माझा मुलगा माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता. चाळिशी उलटलेला, केस विरळ झालेला माझा मुलगा, बापासाठी खोटी साक्ष देत होता, आणि ती नीट देतासुद्धा येत नव्हती. त्याचे डोळे भरले होते. आई त्याचीही होती, आणि इतके महिने त्या खोलीत मी त्याला बोलावलेले नव्हते.

"चहा कर," मी म्हणालो.

"शेगडीवर?"

"मग कशावर करतात?"

त्याने पेटवली. साखरेचा डबा आम्हा दोघांनाही सापडला नाही, म्हणून आम्ही बिनसाखरेचा चहा प्यायलो. निघताना तो माझ्या पाया पडला, जे तो एरवी दिवाळीलाच करतो.

तेव्हापासून वास आलेला नाही. मी थांबून पाहिले, पहाटे पाहिले, भर दुपारी पाहिले, खिडक्या लावून पाहिले. धुळ्यात आता सांगतात की ती सुटली. हेही मला मान्य नाही. ती गेली, एवढेच कोणी म्हणू शकतो. सुटली हे कोणी पाहिले?

सुनेने अक्काला कळवले की चूल पेटली. त्या संध्याकाळी अक्काचा फोन आला. ती आधी पावसाविषयी बोलली, मग कपाशीविषयी.

"मंग तो वास गया का, भाऊ?" ती म्हणाली.

ज्या कबुलीसाठी मी तिच्याशी दोन महिने भांडलो होतो, ती अशी आली. तिच्या आवाजावरून कळत होते की गेला म्हटले तर तिचीही बहीण आज जाणार आहे.

"कसला वास, अक्का?" मी म्हणालो.

तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.