मनूचे सोमवार

ताईचा फोन अगदी सकाळी आला. रडत नव्हती. "मनू उठून नाई राहिली व," एवढंच म्हणाली, जणू शाळेला उशीर होतोय आणि मी फोनवरून हाक मारली की मनू उठेल... अमरावतीहून निघाले तेव्हा मूर्तिजापूरपर्यंत मी स्वतःला बजावत होते, चक्कर आली असेल, सलाईन लावलं की होईल ठीक. अकोल्यात ताईच्या दारासमोर चपलांचा ढीग दिसला आणि मग बजावायला काही उरलं नाही.

मनू माझी भाची, ताईची एकुलती एक लेक. बारावीत होती. तिला जाऊन आता काही आठवडे झालेत आणि भेटायला येणारी प्रत्येक बाई ताईला तेच सांगून जाते, "देवाचं लई करे पोरगी, देवानंच नेली." मला हे ऐकवत नाही. देवानं नेली नाही. भरल्या घरात ती उपाशी मेली, आणि तिला उपाशी ठेवणाऱ्या आजाराला नाव आहे, त्याला डॉक्टर आहेत, औषधपाणी आहे. हे कुठंतरी लिहून ठेवावं म्हणून बसले आहे. लिहून काय होणार, तेही ठाऊक आहे.

लहानपणी ही पोरगी महाखादाड होती. उन्हाळ्यात माझ्याकडे आली की लाडवाचे डबे वरच्या फळीवर चढवावे लागत आणि ही पाटावर पाट रचून तिथवर पोचायची. एकदा मोझरीला दर्शनाला नेलं, तर हिचं सगळं ध्यान बाहेरच्या भज्यांच्या गाडीवर. चिडली की पाय आपटायची, खूश झाली की गळ्यात पडायची. नववीत हे सगळं बंद झालं. तेल्हाऱ्याला एका लग्नात कुणीतरी "पोरगी चांगलीच भरली व" म्हणून हसलं होतं. त्या एका वाक्यानं झालं असं मी म्हणणार नाही, डॉक्टरही तसं म्हणाल्या नाहीत. पण लग्नाहून आल्यावर तिनं शनिवार धरला. मग गुरुवार, चतुर्थी, एकादशी. यंदा श्रावणात सोळा सोमवार.

आपल्याकडे पोरीनं भरलं ताट सारलं तर आई धपाटा घालून जेवायला बसवते. तीच पोरगी "उपास आहे" म्हणाली की तीच आई शेजारणीला कौतुकानं सांगते. ताईनं तेच केलं. गल्लीतल्या बाया आपापल्या पोरींना मनूचा दाखला देत. देवघर लखलखीत, वर्गात पहिला नंबर, कुणाला उलट उत्तर नाही. काचा फोडणारं पोर असतं तर शाळेनं आईबापाला बोलावून घेतलं असतं. अशा गुणी पोरीची काळजी कोण करणार?

दिवाळीनंतर मी अकोल्याला गेले, तर भर दुपारी ही पंखा बंद करून, स्वेटर घालून बसलेली. हातावर बारीक लव आली होती, उपाशी अंगावर येते तशी. मला पाहून उठली, पातोडीचा रस्सा केला आणि समोर बसून वाढत राहिली. मी घास घेतला की माझ्या तोंडाकडे बघायची. स्वतः काही खाल्लं नाही. मी चिडवलं, "कोण्या राजासाठी एवढे सोमवार व? तो येईल तवा तू दिसली तर पायजे." हसली. भांडी उचलता उचलता मग हळूच म्हणाली, "मावशी, उपास असला की कोणी जेव म्हनत नाई."



त्याच आठवड्यात दोघींना अमरावतीला आणलं. मुलांच्या मनाचे आजार बघणाऱ्या डॉक्टरबाई होत्या. त्या मनूशी एकटीशी बोलल्या, तपासण्या केल्या आणि ताईला सरळ सांगितलं, "हिला जेवणाची भीती वाटते. हा हट्ट नाही आणि भक्तीही नाही. हृदय थकलंय. आजच भरती करा, उपवास सगळे बंद." ताई घाबरली, पण भलत्याच गोष्टीला. "सोमवार मधातच कशी सोडू व? थोडेच रायले. उद्यापन झालं की आनतो ना भरती कराले." मी भांडले. भाऊजींना फोन लावला, तर तेही म्हणाले, "इतके झाले, आता थोड्यासाठी काहून मोडाचं?" डॉक्टरबाईंनी हात जोडले. मनू खिडकीबाहेर बघत होती आणि तिचा चेहरा सैल झालेला मला दिसला. आई तिच्या आजाराच्या बाजूनं उभी राहिली होती. संध्याकाळच्या गाडीनं दोघी परत गेल्या. मी रोज फोन करायची, ताई रोज म्हणायची, "आता काय, थोडेच सोमवार तर बाकी हाय." उद्यापनाच्या आधीच ती गेली.

तेरवीला पानावर तिच्या आवडीचं वाढायचं होतं. बाया एकमेकींना विचारत राहिल्या, मनूले काय आवडे? कुणालाच सांगता येईना. शेवटी ताईनं साबुदाण्याची उसळ वाढली.

परवा दुपारी ताईला फोन केला. आवाज खोल गेला होता. जेवलीस का, विचारलं.

"नाई व. सोमवार हाय."

मला कळेचना. मग तीच म्हणाली, "पोरीचे रायलेले मी पुरे करून राहिली. अर्धं व्रत घेऊन गेली नं माय माही. तिले तिकडं कोनी अडवलं तर?" डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या ते मी पुन्हा सांगू लागले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, अगदी मनू ऐकायची तसंच.

"पुढच्या सोमवारी उद्यापन हाय," ती म्हणाली. "तू येजो. पोटभर जेवून जाजो."