ओबो लग्नात चालेल का?

ओबो शिकणाऱ्या माणसाचा निम्मा वेळ ओबो म्हणजे काय ते सांगण्यात जातो, आणि बाकीचा रीड पाण्यात भिजत घालून वाट बघण्यात. त्या वाट बघण्यात आम्ही एकमेकांच्या फजित्या उगाळायचो. मी तीन वर्षं शिकले. वाजवायला किती आलं ते परीक्षकांना विचारा, पण किस्से मात्र ढिगानं जमले. परवा मैत्रिणी आल्या होत्या, त्यांना म्हटलं एकच सांगते, तर चहा तीनदा झाला.

आधी ओबो सांगून टाकते, म्हणजे मधे कुणी विचारणार नाही. सनईच्या घराण्यातलं काळं, विलायती वाद्य. अंगभर चकचकीत चाव्या आणि तोंडाशी दोन पात्यांची पत्ती, तिलाच रीड म्हणायचं. सांगलीत आमचं विद्यापीठाचं संगीत महाविद्यालय, आणि ओबोच्या वर्गात विद्यार्थी दोन. मी तासगावची आणि संपत कुंडलचा. शिकवायला सुभेदार सर, औंधकडचे, लष्कराच्या बँडमधून रिटायर झालेले. कॉलेजचा ओबो एक, दुसरा सरांचा स्वतःचा. झाला वर्ग.

*

ॲडमिशनच्या फॉर्मवर 'वाद्य' असा रकाना होता. मी तिथे इंग्रजीत ओबो लिहिलं. ऑफिसातल्या क्लार्कना वाटलं, पोरीनं शेवटची अक्षरं चुकवली. त्यांनी मोठ्या मनानं दुरुस्त करून ओबीसी केलं आणि जातीचा दाखला जोडा म्हणून फॉर्म परत पाठवला. मी तणतणत गेले. म्हटलं, अहो, हे वाजवायचं असतं.

ते चष्मा वर करून म्हणाले, "ताई, जे काय आसंल ते. दाखला लागतोय."

तीन चकरा मारल्या. शेवटी सरांनी ओबो नेऊन त्यांच्या टेबलावरच वाजवून दाखवला, तेव्हा फॉर्म पास झाला. पण हजेरीपटावर वर्षभर आमच्या दोघांच्या नावापुढे वाद्य म्हणून ओबीसीच होतं.

*

संपत इथे कसा आला, तोही किस्साच आहे. त्याचे वडील, आण्णा, पिढीजात सनईवाले. सनईला माणसं दोन लागतात. एक वाजवतो आणि दुसरा मागं बसून एकच सूर धरतो. मधे श्वासासाठीसुद्धा थांबायचं नाही, गालात हवा ठेवून नाकानं श्वास घ्यायचा. संपत नऊ वर्षं आण्णांच्या मागं सूर धरून बसलेला.

सुभेदार सर कुणाच्या तरी लग्नात जेवत होते. तो सूर ऐकला आणि हातातला घास टाकून मांडवाच्या दाराशी गेले. आठ दिवसांनी कुंडलला घरीच जाऊन थडकले, की पोरगं मला द्या. आण्णांनी ओबो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि अट घातली. "एक वरीस देतो. मग मी सवता येऊन ऐकणार. लग्नात चालण्यासारखं आसंल तर शीक म्हणावं. न्हाईतर गप घरी यायचं आन सूर धरायचा."

संपत ही अट आम्हाला हसत सांगायचा. पण कॅलेंडरवर त्या दिवसाभोवती त्यानं पेनानं गोल केलेला होता. घरी परत जाऊन सूर धरायचा म्हणजे जन्मभर धरायचा, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

*

पहिल्याच आठवड्यात सरांनी आम्हाला एक लांब स्वर दिला. म्हणाले, मी थांब म्हणेपर्यंत वाजवायचं. ओबोत गंमत अशी की हवा कमी पडत नाही, जास्त होते. पत्तीतून जाते जराशीच आणि बाकीची छातीत अडकून राहते. मी पाऊण मिनिटात लालबुंद होऊन खाली बसले.

तेवढ्यात सरांना फोन आला. ते बोलत बोलत खाली गेले, कँटीनमध्ये कुणीतरी भेटलं, चहा झाला, वडापाव झाला. परत येतात तर संपत वाजवतोच आहे! डोळे मिटलेले, गाल फुगलेले, स्वर जागच्या जागी. सर इतके दचकले की परेडच्या आवाजात ओरडले, "थम!"

संपत थांबला. शेजारचा तबल्याचा वर्गही थांबला. जिन्यात झाडणाऱ्या मावशी झाडू धरून सरळ उभ्या राहिल्या.

*

आता माझा. सुट्टीत मी घरी तासगावला बेदाण्याच्या शेडमध्ये रियाज करायची. घरात आईचं डोकं उठायचं म्हणून मला तिथे हाकललेलं. चौथ्या दिवशी बाबा आले आणि कौतुकानं बघत उभे राहिले. मला वाटलं, आली बाबांना पोरीची किंमत.

बाबा म्हणाले, द्राक्षांवर पाखरं यायची बंद झाली, जरा बागेच्या कडंला बसून वाजव की. मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. तिसऱ्या दिवशी शेजारचे तात्या दारात हजर. माल काढणीला आला होता त्यांचा. आवं, म्हणाले बाबांना, उद्या सकाळच्याला पोरीला आमच्या बागंत धाडता का?

गेले मी दोन्हीकडं. नाइलाजानं. पण खरं सांगते, माझ्या आयुष्यातले पहिले दोन कार्यक्रम तेच.

*

वर्ष सरत आलं तसं संपतला धास्ती वाटायला लागली. आण्णांना ऐकवायच्या आधी लग्नात एकदा वाजवून बघू, असं आम्ही ठरवलं. माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं, वशिला लावला. संपत मांडवाच्या दारात खुर्ची टाकून बसला आणि छान सुरू झाला. मी शेजारी उभी होते म्हणून मला कळलं छान आहे. बाकी डीजे, जनरेटर, आहेराची नावं पुकारणारा माईक आणि कुणाची तरी हरवलेली चप्पल. एक म्हातारी मात्र थांबली, वाकून ऐकलं आणि विचारलं, "ह्या सनईला पडसं झालंय का रं?"

सगळे हसले. मीपण हसले, आणि त्याची मला आजही लाज वाटते. संपतनं ओबो पुसला, पेटीत ठेवला आणि आठ दिवस वर्गात आला नाही.

सर त्याला आणायला गेले नाहीत. मला राग आला, मी तोंडावर विचारलं त्यांना. ते रीड तासत बसले होते. म्हणाले, बँडमध्ये मी सत्तावीस वर्षं वाजवला, एकाही साहेबानं मला नावानं ओळखलं नाही. तरी मी सकाळी उठून वाजवायचोच. आता त्याचं त्याला ठरवू दे.

नवव्या दिवशी संपत आला. थेट रीड भिजत घातली. मी काही विचारलं नाही, माझ्या स्वभावाला ते जरा जडच गेलं.

*

तो गोल केलेला दिवस म्हणजे वार्षिक परीक्षेचा. हॉलमध्ये सतरंज्या, बाहेरचे परीक्षक, विद्यार्थी, पालक. आण्णा धुतलेला सदरा आणि टोपी घालून आले आणि चपलांच्या ढिगापाशी दारातच बसले. संपतनं मला खुणावलं. मी त्यांना उठवून, हाताला धरून पुढं नेलं. ते यायलाच तयार नव्हते, दारातनं चांगलं ऐकू येतंय की म्हणत होते.

आधी माझं झालं. माझ्या वेळेला दोघं खोकले, हे मी अजून विसरलेले नाही.

मग संपत उभा राहिला. संथ तुकडा होता, सात-आठ मिनिटांचा. पहिला स्वर लावला आणि हॉल शांत झाला. पंख्याचा आवाज तेवढा. आण्णा अस्वस्थ झाले. मागं वळून बघितलं, पुन्हा पुढं बघितलं, आणि माझ्या कानाशी येऊन घाबऱ्या आवाजात म्हणाले, "काय झालं गं? समदी गप का झाली?"

मी म्हटलं, ऐकतायत.

"कुणाला?"

"संपतला."

 आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि शेवटपर्यंत पोराकडं बघत बसले. मी रडले असते, पण आवाज झाला असता.

संपल्यावर टाळ्या झाल्या. सर भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होते. आण्णा मात्र लगेच उठले, गाडी चुकंल म्हणाले. स्टँडपर्यंत आम्ही चौघं चालत गेलो. संपतला विचारायचा धीर होत नव्हता आणि आण्णा स्वतःहून एक शब्द बोलेनात. गाडी लागली. आण्णा चढले, खिडकीपाशी बसले. तेव्हा कुठे संपतनं खालून विचारलं की लग्नसराईला घरी यायचं का.

"सूर धराय तुज्या चुलत्याचं पोरगं घेतो मी," आण्णा म्हणाले.

 कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली. आण्णांनी खिडकीतनं हात बाहेर काढून संपतला जवळ बोलावलं. तो गाडीबरोबर चार पावलं चालला.

"आन ह्ये लग्नात कवा वाजवू नगंस," ते म्हणाले. "तितं कुणी गप बसत न्हाई."