चाकातली लाट

डोंबिवलीतल्या आमच्या घरी बेडरूमच्या कोपऱ्यात माझं टेबल आहे. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, मसाल्याची पाकिटं असली कामं मी तिथे करते. एका शहर बससेवेसाठी माझं बोधचिन्ह निवडलं गेलं, तेव्हा दोन दिवस खरंच वाटेना. निळं चाक आणि त्यातून जाणारी लाट. लाट म्हणजे आपली खाडी. ती कशी सुचली हे मी कमिटीपुढे अगदी रंगवून सांगितलेलं.

बसवर रंग चढायला चार दिवस उरले होते. मुलीला शाळेसाठी जुनी चित्रं हवी होती, म्हणून माळ्यावरून माझी कॉलेजची चिकटवही काढली. पानं उलटता उलटता हात थांबला. परदेशातल्या कुठल्याशा बंदरातल्या ट्रामचं चिन्ह मी मासिकातून कापून चिकटवलं होतं. चाक. आत लाट. फक्त रंग हिरवा.

हे पाहिल्याचं मला अजिबात आठवत नव्हतं. पण खाली पेन्सिलीने, माझ्याच अक्षरात, 'सुंदर' असं लिहिलेलं.

"आई, हे कापू का?" मुलीने वही हातात घेत विचारलं. मी वही तिच्या हातातून ओढून घेतली. ती घाबरून बघत राहिली.

नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "कोणाला कळणारे? पान फाडून टाक ना."

"आणि कोणी शोधून काढलं तर?"

"मग बघू."

त्या 'मग'चीच भीती वाटायला लागली. पेपरात दोन्ही चिन्हं शेजारी शेजारी छापलेली डोळ्यांसमोर दिसायची, खाली माझं नाव. जेवण जाईना. फोन वाजला की दचकायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी वही पिशवीत घालून ठाण्याला, बससेवेच्या कचेरीत निघाले. शीळफाट्याला बस अडकली ती हलेना. काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते आणि दर वेळी 'चोरी' या शब्दापाशी अडखळत होते. समोरून कल्याणकडे, आमच्या घराच्या बाजूला जाणारी बस दिसली. उतरून तिच्यात बसावं म्हणून मी दारापर्यंत गेलेसुद्धा. तेवढ्यात आमची बस सुटली.

कचेरीतले साहेब निवृत्तीला आलेले, मोजकं बोलणारे. मी वही उघडून समोर ठेवली. त्यांनी ते पान पाहिलं, मग माझं चिन्ह पाहिलं. मी पिशवी मांडीवर दाबून धरली.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"परवापासून."

"मंजुरीच्या वेळी नव्हतं?"

"नाही. पण तुम्हाला ते खरं वाटेलच असं नाही."

त्यांनी फोन उचलला. वकिलाला लावतायत असंच मला वाटलं. पण त्यांनी रंगकामवाल्याला फोन केला होता. "सध्या थांबा. चिन्ह बदलायचं आहे."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कमिटीला लेखी कळवावं लागेल. पुढचं माझ्या हातात नाही."

कमिटीने काम दुसऱ्या कोणाला तरी दिलं. मला एका ओळीचं पत्र आलं, त्यात ठपकाही नव्हता आणि आभारही नव्हते.

आता काही पटकन सुचलं की हात आखडतो. परवा एका बेकरीसाठी पाव काढला, साधा पाव. आणि असाच पाव आधी कोणी काढलाय का, हे इंटरनेटवर तासभर शोधत बसले.